रिक्षावाल्याचा नकार आणि आपण ऑप्शनला टाकलेलं बीजगणित

सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये एक शब्दप्रयोग रोज वापरला जातो आणि तो ऐकला की माझं डोकं सणकतं: ‘नॉट रिप्रोड्युसिबल’. ग्राहकाचे पैसे दोनदा कापले गेले, ऑर्डर हवेत विरली, स्क्रीनवरचं चक्र फिरतच राहिलं. पण आमच्या मशीनवर तो बिघाड पुन्हा घडवता आला नाही, सबब तिकीट बंद. तुम्ही डॉक्टरकडे जाऊन ‘रात्री छातीत दुखतं’ म्हणालात आणि त्यानं ‘आत्ता दुखतंय का? नाही ना? मग या,’ असं सांगितलं, तर त्या दवाखान्याची पायरी तुम्ही पुन्हा चढाल?

आमच्या धंद्यात हे उत्तर चालतं. नुसतं चालत नाही, ते अनुभवी माणसाचं उत्तर मानलं जातं. आणि या प्रकारच्या बिघाडांवर चाळीस वर्षांहून जुनं, नीट बांधलेलं गणित उपलब्ध आहे असं कोणी म्हटलं, तर ‘ते थिअरी झालं रे’ असं म्हणून त्याला गप्प केलं जातं. माझं भांडण या वाक्याशी आहे.

वीसपैकी अठरा

आधी बिघाड कुठल्या जातीचा आहे ते बघू. इंजिनियर नसाल तरी कळेल, बारावीचं गणित पुरे.

एक जोडखातं घ्या. शिल्लक १००० रुपये. नवरा एटीएमपुढे उभा आहे, बायको दुकानात. दोघंही एकाच क्षणी ८०० रुपये काढायला जातात. प्रोग्रॅम प्रत्येकासाठी तीन पावलं टाकतो: शिल्लक वाच, पुरेशी आहे का तपास, वजा करून नवी शिल्लक लिही. दोघांची मिळून सहा पावलं. प्रत्येकाची स्वतःची पावलं क्रमानंच पडणार, पण दोघांची एकमेकांत कशीही मिसळू शकतात. असे क्रम किती? सहातून तीन निवडायचे, म्हणजे २०.

या २० पैकी बरोबर किती? फक्त दोन. एक तर नवऱ्याचं पूर्ण होऊन मग बायकोचं सुरू झालं पाहिजे, किंवा उलट. उरलेल्या १८ क्रमांत दुसऱ्यानं लिहिण्याआधीच पहिल्यानं वाचलेलं असतं आणि पहिल्यानं लिहिण्याआधी दुसऱ्यानं. दोघांनाही हजार रुपये दिसतात. दोघांनाही पैसे मिळतात. १६०० रुपये बाहेर गेले आणि खात्यात २०० शिल्लक.

बँका अर्थातच यावर लॉक आणि ट्रान्झॅक्शनचे उपाय करतात. मुद्दा वेगळा आहे. २० पैकी १८ क्रम चुकीचे असूनही हा प्रोग्रॅम तुमच्या लॅपटॉपवर टेस्ट केला तर बहुतेक वेळा हिरवा दिवा लागतो. कारण तीन पावलं काही मायक्रोसेकंदांत संपतात आणि टेस्ट करताना दुसरं कोणी त्यामध्ये घुसत नाही. म्हणजे आपण २० पैकी तेच दोन क्रम हजार वेळा तपासतो आणि ‘हजार टेस्ट पास’ असा रिपोर्ट पाठवतो.

पावलं वाढली की हा आकडा हाताबाहेर जातो. प्रत्येकी दहा पावलांच्या दोन प्रक्रिया असतील तर क्रम १,८४,७५६. तीन प्रक्रिया असतील तर साडेपाच लाख कोटींहून जास्त. आणि तुम्ही कोपऱ्यावर वडापाव घेऊन यूपीआयनं पंधरा रुपये देता तेव्हा तुमचा फोन, तुमची बँक, मधलं स्विच, दुकानदाराची बँक आणि त्याच्या गाडीवरचा बोलका साउंडबॉक्स, असे किमान पाच स्वतंत्र जीव एकमेकांशी बोलत असतात. इथे टेस्टिंगवर भिस्त ठेवणं म्हणजे समुद्रातून तांब्याभर पाणी घेऊन ‘यात मासा नाही’ म्हणण्यासारखं आहे.

हा विनोदाचा विषय नाही. थेरॅक-२५ या रेडिएशन यंत्रानं १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडातल्या सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणं दिली. त्यातले काही दगावले. टेक्सासमधल्या टायलर इथल्या अपघातांमागचं कारण असं होतं: ऑपरेटरनं पडद्यावरची माहिती भरून झाल्यावर, यंत्राचे चुंबक जागेवर येण्याच्या आठेक सेकंदांच्या आत ती बदलली, तर प्रोग्रॅमच्या एका भागाला बदल कळायचा आणि दुसऱ्याला कळायचा नाही. नवखी ऑपरेटर सावकाश टाइप करायची, तेव्हा सगळं ठीक. हात बसला, वेग वाढला, आणि यंत्र प्राणघातक झालं. कंपनीला सुरुवातीला हा बिघाड घडवूनच दाखवता येत नव्हता. तो पुन्हा घडवून दाखवला तो त्या रुग्णालयातल्या भौतिकशास्त्रज्ञानं आणि ऑपरेटरनं, पुन्हा पुन्हा वेगानं टाइप करून. ‘नॉट रिप्रोड्युसिबल’ची किंमत ही असते.

१४ ऑगस्ट २००३ला अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा काही भाग अंधारात गेला, सुमारे पाच कोटी लोक. त्याच्या कारणांच्या साखळीत ओहायोमधल्या नियंत्रण कक्षातली एक अलार्म यंत्रणा होती. दोन प्रक्रिया एकाच माहितीवर एकदम तुटून पडल्या आणि अलार्म मुका झाला. कक्षातली माणसं तासाहून जास्त वेळ शांत पडद्याकडे बघत बसली.

ग्रीक-लॅटिन शिकलेला एक, पीएचडी नसलेला दुसरा

टोनी होअर यांचा जन्म १९३४चा, कोलंबोचा. ऑक्सफर्डमध्ये त्यांनी शिकलं ग्रीक, लॅटिन आणि तत्त्वज्ञान. क्विकसॉर्ट लिहिणारे ते हेच. १९७८ साली त्यांनी ‘कम्युनिकेटिंग सीक्वेन्शियल प्रोसेसेस’ हा निबंध लिहिला. त्याला पुढे सीएसपी म्हणू लागले. सामायिक मेमरीत लुडबुड करणारे प्रोग्रॅम सोडा, असं त्यात म्हटलं होतं. प्रत्येक प्रक्रिया आपापल्या घरात राहील आणि दुसरीशी फक्त निरोपानं बोलेल.

त्याच सुमारास एडिंबरात रॉबिन मिल्नर यांच्यापुढे दुसराच प्रश्न होता. मिल्नर यांनी कधी पीएचडी केली नाही. ते विचारत होते, प्रोग्रॅम म्हणजे ‘आत काही टाका, बाहेर उत्तर येतं’ असं फंक्शन मानतो आपण. पण टेलिफोन एक्स्चेंजचं ‘उत्तर’ काय? ते तर कधी संपतच नाही, सतत कोणाशी तरी बोलत असतं. तेव्हा संवादालाच स्वतःचं गणित हवं. १९८० साली त्यांचं सीसीएस, म्हणजे ‘अ कॅल्क्युलस ऑफ कम्युनिकेटिंग सिस्टिम्स’, प्रसिद्ध झालं. १९८२ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये यान बर्गस्ट्रा आणि यान विलेम क्लोप यांनी थेट बीजगणिताची वाट धरली: आधी समीकरणं मांडू, मग बघू त्यांत काय काय बसतं. ‘प्रोसेस अल्जिब्रा’ हे नाव त्यांचं.

बीजगणित म्हणजे नेमकं काय? संख्यांच्या जागी प्रक्रिया ठेवायच्या. टिंब म्हणजे ‘मग’, अधिक म्हणजे ‘किंवा’, उभी रेघ म्हणजे ‘सोबत’. आणि मग शाळेतल्यासारखे नियम. ‘चहा किंवा कॉफी’ आणि ‘कॉफी किंवा चहा’ सारखंच: क्रमनिरपेक्षता. ‘चहा किंवा चहा’ म्हणजे चहाच. इथे आपलं नेहमीचं बीजगणित मागे पडलं, कारण तिथे चहा अधिक चहा दोन चहा होतात. अडकलेल्या प्रक्रियेसाठी बर्गस्ट्रा-क्लोप यांनी एक खूण ठेवली, ग्रीक डेल्टा. तिचा नियम: डेल्टापुढे ‘मग’ म्हणून काहीही लिहा, ते डेल्टाच. जो अडकला त्याच्या पुढच्या बेतांना अर्थ नसतो.

पण सगळी गंमत आहे ती वितरणाच्या नियमात. आणि त्यासाठी मला रिक्षा लागेल.

दोन रिक्षा

तुमच्या चौकात दोन रिक्षा आहेत. पहिलीला हात दाखवला की ती थांबते. मग तुम्ही स्टेशन म्हणा किंवा मार्केट, ती येते. दुसरीही हात दाखवला की थांबते, पण थांबतानाच चालकानं मनात ठरवून टाकलेलं असतं: आज स्टेशन, नाहीतर आज मार्केट. लिहून बघू.

पहिली: हात.(स्टेशन + मार्केट)

दुसरी: हात.स्टेशन + हात.मार्केट

शाळेतल्या सरांना दाखवलं तर ते म्हणतील, दोन्ही एकच. कंस सोडवलाय फक्त. दोन्ही रिक्षांच्या शक्य फेऱ्यांची यादी केली तरी ती हुबेहूब सारखी निघते: हात मग स्टेशन, हात मग मार्केट. आरटीओचा साहेब वही बघून दोघींना सारखाच शेरा देईल.

तुम्ही मात्र देणार नाही. तुम्ही पावसात उभे आहात, दुसरी रिक्षा थांबली, तुम्ही ‘मार्केट’ म्हणालात आणि त्यानं मान हलवली. पहिल्या रिक्षेत निवड तुमची होती, दुसऱ्या रिक्षेत त्याची. फरक घडलेल्या फेऱ्यांत नाहीच, तो नकारात आहे.

संवाद करणाऱ्या प्रक्रियांचं सगळं शास्त्र या एका जागेवर उभं आहे: ‘मग’ हे ‘किंवा’वर डावीकडून वाटता येत नाही. एकदा हे मान्य केलं की प्रश्न येतो, मग दोन प्रक्रिया सारख्या कधी म्हणायच्या? मिल्नर यांनी उत्तर शोधलं आणि १९८१ साली डेव्हिड पार्क यांनी त्याला नेमका आकार दिला: बायसिम्युलेशन. एकीनं जे पाऊल टाकलं तेच दुसरीला टाकता आलं पाहिजे, आणि ते टाकल्यावर दोघी पुन्हा अशाच जोडीच्या अवस्थेत हव्यात. आणि हे दोन्ही बाजूंनी. होअर यांनी ब्रूक्स आणि रॉस्को यांच्यासोबत १९८४ साली दुसरी वाट मांडली: प्रत्येक प्रक्रियेसोबत तिनं काय केलं याच्या जोडीला त्या क्षणी ती काय काय नाकारू शकते हेही नोंदवा.

हे वाचून ‘बरं मग?’ असं वाटलं असेल, तर आपल्या लॉग फाइल्स आठवा. बिघाड झाला की आम्ही सगळे लॉगवर तुटून पडतो. लॉग म्हणजे काय? घडलेल्या गोष्टींची यादी. आरटीओची वही. सर्व्हरनं कनेक्शन घेतलं, आणि मग आतल्या आत ठरवून टाकलं की आता या प्रकारच्या विनंतीला मी तयार नाही. ग्राहकाच्या फोनवर चक्र फिरतंय. लॉगमध्ये काय दिसतं? ‘कनेक्शन घेतलं.’ पुढे काही नाही. त्या वहीत नकार लिहायला रकानाच नाही. होअर आणि मंडळींनी हा रकाना १९८४ साली आखून दिला. आणि आपण आजही डॅशबोर्डवर डॅशबोर्ड चढवून त्याच जुन्या वहीत नकार शोधतोय.

तीन संदेश, सतरा वर्षं

‘हे सगळं कागदावर ठीक आहे’ म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. १९७८ साली, म्हणजे होअर यांच्या निबंधाच्याच वर्षी, नीडहॅम आणि श्रोडर यांनी नेटवर्कवर दोघांनी एकमेकांची ओळख पटवून घेण्याच्या पद्धती मांडल्या. त्यातल्या सार्वजनिक किल्लीच्या पद्धतीचा गाभा जेमतेम तीन संदेशांचा आहे. तीन! पोस्टकार्डावर मावेल. जगभरच्या तज्ज्ञांनी तो वाचला, वर्गात शिकवला, १९८९च्या एका प्रसिद्ध तर्कपद्धतीनं तपासला. कोणाला काही खटकलं नाही.

१९९५ साली ऑक्सफर्डच्या गॅव्हिन लो यांनी त्यात भोक दाखवलं. अलका बाबूरावांशी बोलायला गेली, आणि बाबूराव लबाड निघाले, असं समजा. तर बाबूराव अलकाचे संदेश चंदूकडे पुढे ढकलून चंदूची खात्री पटवू शकतात की त्याच्याशी अलकाच बोलतेय. कुठलीही किल्ली फोडावी लागत नाही. फक्त दोन संभाषणं एकमेकांत विशिष्ट क्रमानं मिसळावी लागतात. पुढच्या वर्षी लो यांनी ही पद्धत सीएसपीमध्ये मांडली आणि एफडीआर नावाच्या तपासनीस प्रोग्रॅमला दिली. यंत्रानं हल्ला स्वतः शोधून दाखवला. दुरुस्ती किती? दुसऱ्या संदेशात पाठवणाऱ्याचं नाव घालायचं. एवढीच. आणि ती दुरुस्ती टिकते हेही त्याच साधनानं तपासलं.

सतरा वर्षं हुशार माणसांच्या डोळ्यांसमोर असलेली चूक, तीन संदेशांत. आता तुमच्या कंपनीतल्या चाळीस मायक्रोसर्व्हिसेसचा विचार करा आणि ‘आमचे सीनियर कोड रिव्ह्यू करतात’ हे वाक्य पुन्हा म्हणून बघा.

आम्ही काय शिकलो

इंजिनियरिंगच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात एक हमखास प्रश्न असतो: पाच तत्त्ववेत्ते गोल टेबलाभोवती बसलेत, प्रत्येक दोघांमध्ये एक काटा, जेवायला दोन काटे लागतात. डायक्स्ट्रा यांचं हे कोडं. आयएमपी क्वेश्चन, आठ मार्कांचा. लोकल ऑथरच्या पुस्तकात सेमाफोरचा कोड असतो, तो पाठ करायचा, टेबल गोल काढायचं, काटे काढायचे. व्हायवात विचारतात, ‘डेडलॉकच्या चार अटी सांग.’ चार अटी सांगितल्या की सुटलो.

कोणी विचारत नाही की तुझा कोड अडकणार नाही हे तुला कसं कळलं? ‘सर, रन केला, चालला’ हेच उत्तर आहे, आणि ते चालतं. दुसऱ्या वर्षाच्या डिस्क्रीट मॅथ्समध्ये आम्ही ग्रुप शिकलो, लॅटिस शिकलो, साहचर्य आणि वितरण शिकलो. तिसऱ्या वर्षी प्रक्रिया शिकलो. हे दोन्ही विषय एकमेकांना ओळखतात हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. गणित सबमिशनच्या फाइलमध्ये राहिलं, प्रोग्रॅमिंग लॅबमध्ये.

मग नोकरी लागते. मी काम केलेल्या एका कंपनीत पेमेंटची खात्री करणाऱ्या कोडमध्ये एक ओळ होती: अर्धा सेकंद झोप. तिच्या शेजारी कॉमेंट: ‘ही ओळ काढू नका. का ते माहीत नाही, पण काढली की मोडतं.’ लिहिणारा केव्हाच दुसरीकडे गेला होता. पुढे सणासुदीला लोड वाढला, अर्धा सेकंद पुरेना. मीटिंग झाली. उपाय ठरला: दोन सेकंद झोप. टाळ्या. कुठल्या दोन प्रक्रिया, कोण कोणाची वाट बघतोय, कुठल्या क्रमात अडतं, हे विचारणाऱ्या मुलीला सांगण्यात आलं, ‘तुझं बरोबर आहे, पण आपल्याला डिलिव्हर करायचंय.’

यात मला राग डेडलाइनचा नाही. डेडलाइन सगळ्यांनाच असते. पूल बांधणाऱ्यालाही असते. पण पूल बांधणारा ‘इथे एक वीट ठेव, का ते माहीत नाही, काढली की हलतं’ असं नकाशावर लिहीत नाही. लिहिलं तर त्याला इंजिनियर म्हणत नाहीत. आम्ही मात्र व्हिजिटिंग कार्डावर इंजिनियर छापतो.

नेहमीचे चार आक्षेप

पहिला: ‘गो वापरतो आम्ही, त्यात सीएसपी आहेच.’ गो भाषा २००९ साली जाहीर झाली आणि तिची चॅनेल्स होअर यांच्या विचारातूनच आली हे खरं. पण चॅनेल ही वस्तू आहे, गणित नव्हे. फूटपट्टी विकत घेतली म्हणून भूमिती येत नाही. गोमध्ये दोन गोरूटीन एकमेकांची वाट बघत खुशाल अडकतात. सगळ्याच अडकल्या तर रनटाइम ओरडतो, पण एक जरी तिसरी इकडेतिकडे फिरत असेल तर तो गप्प. रेस डिटेक्टर आहे, पण तोही जो क्रम प्रत्यक्ष चालला त्यातलंच सांगणार. म्हणजे पुन्हा तोच तांब्या.

दुसरा: ‘अवस्थांची संख्या इतकी वाढते की तपासणारं यंत्रच कोसळतं.’ हा आक्षेप खरा आहे, त्याला स्टेट एक्स्प्लोजन म्हणतात, आणि या क्षेत्रातले लोक दशकानुदशकं त्याच्याशी झुंजतायत. पण बीजगणिताचं मोल नेमकं इथेच आहे. सारखेपणाची व्याख्या नीट निवडली तर मोठ्या यंत्रणेतला एक भाग काढून त्याच्या जागी त्याच्याशी सारखा, पण लहान भाग बसवता येतो, आणि बाकीच्या यंत्रणेला फरक कळत नाही. समीकरणात किचकट पदाच्या जागी सोपं पद ठेवतो तसंच.

तिसरा: ‘मॉडेल म्हणजे कोड नव्हे.’ बरोबर. नकाशा म्हणजे घरही नव्हे. म्हणून कोणी नकाशाशिवाय स्लॅब टाकत नाही. २०१५ साली अ‍ॅमेझॉनच्या इंजिनियरांनी लिहून ठेवलंय की त्यांनी आपल्या क्लाउड सेवांचे आराखडे टीएलए-प्लस या भाषेत तपासले. ती लेस्ली लॅम्पोर्ट यांची, प्रोसेस अल्जिब्राच्या घराण्यातली नव्हे, शेजारच्या वाड्यातली; पण विचार तोच, आधी गणितात मांडा. त्यात डायनॅमोडीबीमधली एक चूक सापडली, जी घडायला किमान ३५ पावलं विशिष्ट क्रमानं पडावी लागत होती. ३५ पावलांचा तो क्रम कुठल्या टेस्टरच्या स्वप्नात येणार? प्रोसेस अल्जिब्राच्या घराण्यातलंच हवं असेल तर आयंडहोव्हनचं एमसीआरएल-टू घ्या. जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये सीएमएस प्रयोगाच्या नियंत्रण सॉफ्टवेअरवर ते चालवलं गेलं आहे.

चौथा, आणि सर्वांत लाडका: ‘हे परदेशात ठीक, आपल्याकडे कोण करतंय?’ चेन्नईतल्या गणिताच्या संस्थांमध्ये समांतर प्रक्रियांच्या सिद्धान्तावर अनेक वर्षं काम चालू आहे. एफएसटीटीसीएस ही सैद्धान्तिक संगणकशास्त्राची परिषद भारतात १९८१पासून भरते. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये, पुढे पुण्याच्या टीआरडीडीसीमध्ये काम केलेले मथाई जोसेफ या विषयातले जाणकार. पुण्यातून हिंजवडीला जाताना ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या माणसानं ‘आपल्याकडे कोण करतंय’ म्हणणं म्हणजे घराच्या गल्लीचा पत्ता गुगलला विचारणं आहे.

आता पाचवा आक्षेपही येऊ लागलाय: ‘कोड एआय लिहितो, हे शिकून काय करू?’ मी रोज ती साधनं वापरतो. ती आमच्यासारख्यांनी लिहिलेला कोड वाचून शिकली, झोपेच्या ओळींसकट. तुम्ही नेमकं काय व्हायला हवं आणि काय कधीच होता कामा नये हे सांगू शकलात, तरच ती काय देतायत हे तपासता येईल. ते सांगण्याची भाषा कुठली? मी गेली चार पानं तिच्याबद्दलच बोलतोय.

दोष एकतर्फी नाही

बीजगणितवाल्यांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. या मंडळींनी एका भाषेच्या पाच, पाचाच्या पन्नास केल्या. प्रत्येक प्राध्यापकाचा आपला कॅल्क्युलस, आपली चिन्हं, आपली सारखेपणाची व्याख्या. बाहेरून येणाऱ्याला पहिल्या पानावर ग्रीक अक्षरांची भिंत लागते आणि तिच्यामागे रिक्षा उभी आहे हे कोणी सांगत नाही. मिल्नर यांनी पुढे पार्रो आणि वॉकर यांच्याबरोबर पाय-कॅल्क्युलस मांडला. १९९२ साली तो प्रसिद्ध झाला. त्यात चॅनेलचं नावच निरोपातून पाठवता येतं, म्हणजे कोण कोणाशी जोडलेलं आहे हे चालता चालता बदलतं. तुम्ही ठाण्याहून दादरला लोकलनं जाताना कॉल न तुटता एका टॉवरवरून दुसऱ्यावर सरकता, तेच हे. मिल्नर यांच्या पुस्तकात फोनचं उदाहरण आहे. आपल्या नोट्समध्ये ते कोणी ठेवलं नाही, सूत्रं तेवढी ठेवली.

आणि मराठीत? मराठीत संगणकावरचं लेखन अजून ‘मोबाइल: शाप की वरदान’च्या आसपास घुटमळतं. फोनची व्यसनं, फोनची फसवणूक, फोनमुळे मोडलेली नाती. हे विषय खोटे नाहीत. पण त्या फोनच्या आत एक विचार आहे, माणसांनी कष्टानं रचलेला. सारखेपणा म्हणजे काय, निवड कोणाची, नकाराची नोंद कशी करायची, असे प्रश्न विचारणारा. साहित्याच्या वाचकाला हे प्रश्न परके वाटण्याचं कारण नाही. दोन माणसं वरवर सारखं वागतात, पण एकाकडे पर्याय होता आणि दुसऱ्याकडे नव्हता, हा फरक पकडायला आपण कादंबऱ्या वाचतो. मिल्नर आणि होअर यांनी तो समीकरणात पकडला. ते मराठीत सांगता येत नाही ही अफवा आहे. वरच्या रिक्षेला एकही ग्रीक अक्षर लागलं नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. तिसऱ्या वर्षाच्या लॅबमध्ये एक प्रॅक्टिकल वाढवा: तत्त्ववेत्त्यांचं कोडं मॉडेल-चेकरला द्या आणि तो कसा अडकतो ते यंत्राकडूनच मुलांना दाखवा. साधनं फुकट आहेत, एक दुपार पुरते. कंपन्यांनी पैशाला आणि जिवाला हात लावणाऱ्या प्रत्येक यंत्रणेसाठी, कोड लिहिण्याआधी, कोण कोणाशी काय बोलतो आणि कोण काय नाकारू शकतो याचं एक पान लिहून तपासून घ्यावं. आणि तुम्ही माझ्यासारखेच कुठेतरी कोड लिहीत असाल, तर पुढचं तिकीट बंद करण्याआधी कागदावर दोन प्रक्रिया मांडा, पावलं मोजा, शक्य क्रम किती आणि आपण त्यातले किती पाहिले ते लिहा. तो आकडा तिकिटात टाका. मॅनेजर विचारेल हे काय आहे. सांगा, उत्तर आहे. ‘नॉट रिप्रोड्युसिबल’ नव्हतं.